बाहेर निघालेली पावलं

डिझायनर म्हणून कामं नीलाला बरीच मिळायची, पण इतक्या हौसेनं तिनं एकही केलं नव्हतं. दिल्लीत आर. के. पुरममधली काही जुनी सरकारी क्वार्टर्स पाडली गेली होती. तिला काम देणाऱ्या परीक्षितच्या कंपनीनं त्यातलं एक घर व्हीआरच्या आभासी जगात जसंच्या तसं उभं केलं होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की जुन्या रहिवाशांना त्या घरात पुन्हा हिंडता यायचं. प्रकल्पाचं बोधचिन्ह, रंग, अक्षरं, असं सगळं रूप नीलानं ठरवायचं होतं.

चिन्ह तिला चंद्रप्रभाबाईंकडे सापडलं. त्या पाडलेल्या घरात बाईंचा सगळा संसार झाला होता. त्यांनी तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवून, उंबरठ्यावरून आत जाणारी गौरीची पावलं उमटवून दाखवली. नीलानं फोटो काढला, लॅपटॉपवर पावलं रेखली आणि चक्क उलटी फिरवली. आता ती घरातून निघून बघणाऱ्याकडे येत होती. आठवणी आपल्याकडे चालत येतात, अशी कल्पना! डिझायनर मंडळींना काही सुचलं, की ती कुणाला विचारत बसत नाहीत.

"बिल्कुल, यार! हेच फायनल," परीक्षित म्हणाला.

मग ती मोठ्या कौतुकानं चिन्ह घेऊन चंद्रप्रभाबाईंकडे गेली. बाईंनी चष्मा लावून ते पाहिलं.

"अगं, ही तर बाहेर निघालीत..."

"हो काकू, आपल्याकडे येतायत."

"गौर सणाला येते, बोलावली की. अशी अवेळी, पडलेल्या घरातून कोण निघेल, काय सांगावं?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आणि आली, की घरच्या बाईनं तिला घर दाखवायचं असतं. खोली न् खोली. काही म्हणजे काही लपवायचं नाही..."

नीला हसली खरी, पण मेट्रोनं मयूर विहारला आपल्या घरी पोचेपर्यंत तिनं ते चिन्ह दोनदा उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी धुरक्यामुळे शाळा बंद होत्या. तिची सहा वर्षांची लेक सृष्टी खोकून खोकून आतल्या खोलीत झोपली होती. यशोधन, नीलाचा नवरा, ऑफिसला गेला होता. भर दुपारी दिवा लावावा लागत होता. सृष्टीला लागलेली झोप मोडू नये म्हणून नीलानं आतलं दार ओढून घेतलं, खुर्चीत बसली आणि शेवटचं तपासायला हेडसेट चढवला.

काळोख. मग पिवळट भिंती, उघडं दार, आणि उंबरठ्यावरून येणारी पांढरी पावलं. एक... मग दुसरं... हातभर अंतरावर ती थांबायची होती. ती थांबली नाहीत. नीलाला वळसा घालून मागे गेली, आणि ओल्या पिठाचा आंबूस वास आला. हेडसेटमध्ये वास कुठून येणार?

तेवढ्यात एका बाईचा आवाज ऐकू आला. हळू, आदबीचा.

"हे स्वयंपाकघर... हे पाणी... हे पीठमीठ..."

चंद्रप्रभाबाईंचं रेकॉर्डिंग असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

"ही बाल्कनी... हवा चांगली असली, की इथून यमुना दिसते..."

यमुना तर नीलाच्या स्वतःच्या बाल्कनीतून दिसायची.

तिनं हेडसेट ओढून फेकला. ती खुर्चीत नव्हतीच. सृष्टीच्या दारापाशी उभी होती, आणि तिचा हात कडीवर होता. आवाज अजून चालूच होता.

"ही आतली खोली..."

तिचेच ओठ हलत होते.

ती प्रचंड भ्याली. तिनं दात आवळले, मोकळा हात तोंडावर गच्च दाबला. नको, पुढचं नको, माझी लेक आहे ती... पण दुसऱ्या हातानं दार हलकेच ढकललं. सृष्टी पलंगाच्या मधोमध, पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

"आणि ही..." दाबलेल्या हाताखालून नीलाचा आवाज आला, तसाच हळू, तसाच आदबीचा, "ही माझी सृष्टी."

सृष्टीनं डोळे उघडले नाहीत. झोपेतच ती भिंतीकडे सरकली, आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.