हिरवा कर्सर

त्या दुपारी मी फक्त धड्याचा शेवट नजरेखालून घालायला बसले होते. कुकर गॅसवर होता, नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता.

पाच देशांतले आम्ही पाच जण एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे धडे लिहीत होतो. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. सगळ्यांची मिळून एक फाइल. ज्याचा दिवस संपेल त्याने काम पुढच्याच्या हवाली करायचं. फाइलमध्ये प्रत्येकाच्या कर्सरला वेगळा रंग. माझा तांबडा, आमच्यातल्या एकीचा हिरवा. म्हणून मी तिला मनात 'हिरवी' म्हणायचे.

हिरवीवर मी जळायचे. उगाच गोड कशाला बोलू? मी तासभर डोकं खाजवून लिहिलेलं वाक्य ती चार शब्दांत सरळ करायची, आणि ऑनलाइन बैठकीत आमच्या मुख्य बाई म्हणायच्या, "वा! याला म्हणतात लिहिणं!" पाचांतून एकालाच कायमची नोकरी मिळणार होती. ती मला हवीच होती. आदल्याच दिवशी हिरवा कर्सर माझं अख्खं पान सुधारून गेला होता.

म्हणून त्या दुपारी मी सगळा मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवला. असं केलं की कुणी काय लिहिलं याची नोंद जुन्या फाइलमध्येच राहते. सगळं माझ्या एकटीच्या नावावर. जुनी फाइल कायमची पुसून टाकली आणि नवी बाईंना धाडली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"अगं, आपली ती वाक्यं सरळ करणारी... गेली. तिच्या नवऱ्याने आज कळवलं. तीन आठवडे झाले म्हणे."

"पण कालच तर तिने..."

"काय?"

"काही नाही, बाई."

काल तिने लिहिलं होतं हे सांगायचं, तर पुसलेल्या फाइलचंही सांगावं लागलं असतं.

नोकरी मला मिळाली. पहिल्याच दिवशी फाइल उघडली, हात मांडीवर होते, आणि तांबडा कर्सर हलला. माझ्या नावाचा. कीबोर्डच्या कळा जागच्या जागी होत्या, तरी टकटक ऐकू येत होती... माझं वाक्य पुसलं गेलं. त्या जागी चार शब्द आले. सुंदर होते. भीती वाटत होती, तरी पोटात तीच जुनी आग उठली. आता मी माझ्याच नावावर जळत होते.

काल ऐन बैठकीच्या वेळी नेट गेलं. तासाभराने आलं तेव्हा बाईंचा निरोप वाट पाहत होता: "आज काय बोललीस गं! कॅमेरा तेवढा चालू ठेवत जा."

बैठक अजून चालू दिसत होती. मी आत जायचं बटण दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं, 'तुम्ही आधीच आत आहात.'