शांतवनची पापं

"एक झाड द्या," तो म्हणाला. "फादरनी सांगितलंय."

श्रावणातली भुरभुर चालू होती. चर्चमागच्या पत्र्याखाली मी पिशव्यांत माती भरत बसले होते, कोपरापर्यंत चिखल. मान वर केली तर समोर शांतवन, सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवणारा. केसांतून पाणी निथळत होतं आणि नजर झाडं सोडून सगळीकडे...

"काय पाप केलं?"

"ते फादरला सांगितलं. तुमाला काहून सांगू?"

देवानं माणसाला बाग दिली ती राखायला, ओरबाडायला नाही, असं आमचे फादर उपदेशात सांगायचे. सृष्टीची नासाडी हेही पापच, हे तर थेट रोमहून पोपनी लिहून कळवलं होतं. पण फादर नुसतं सांगून थांबणारे नव्हते. कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला आलेल्या माणसाला प्रार्थनेसोबत ते आणखी एक प्रायश्चित्त द्यायला लागले— एक झाड लाव आणि जगव. रोप मी द्यायचं, लावायचं चर्चमागच्या मुरमाड जागेत.

त्याच जागेवर माझ्या अण्णांचा डोळा होता. अण्णा म्हणजे माझे वडील उकंडराव, चर्च कमिटीचे अध्यक्ष. "पोरींच्या लग्नाच्या पंगती काय झाडावर बसवू? हॉल बांधायचा तिथं!" बरीच वादावादी होऊन ठरलं, की मे महिन्यातल्या पेंटेकोस्टच्या सणापर्यंत झाडं तगली तर जागा झाडांची, वाळली तर हॉल. माझा सगळा जीव त्या मुरमात अडकला.

पुढच्या रविवारी शांतवन पुन्हा हजर.

"पुन्हा?"

"माणूस हाय. चुकतो."

"आज कोणतं देऊ?"

"आज जरा मोठं हाय..." तो कान खाजवत म्हणाला. "चिंच द्या."

"आणि लहान पापाला?"

"तुळस."

मी हसू दाबलं. रोप घेताना त्याची बोटं माझ्या चिखलाच्या बोटांवर उगीच रेंगाळली. मीही हात लगेच काढला नाही, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर एक रविवार त्यानं चुकवला नाही. लिंब, करंज, आवळा... पण पापं मनात लपतात, झाडं कुठे लपणार? त्याची रांगच्या रांग उभी राहिली आणि गावभर कुजबुज सुरू झाली. "दिसतो केवढा गरीब," शेजारच्या सोजराबाई म्हणायच्या, "अन् पापं पाहा!" अण्णांनी तर मला बजावलंच, "करुणा, त्याच्या जीपमधी बसायचं न्हाई."

मला भयंकर राग आला. गावाचा नाही, त्याचाच! एवढं काय करून राहिला होता हा? आणि कुणासोबत? मला जेवण गोड लागेना.

मग उन्हाळा आला आणि चर्चचा बोअर आटला. पानं वळायला लागली. तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं मी ओतून पाहिलं. एका दुपारी त्याच्या चिंचेजवळ बसून मी चक्क रडले. हॉलच होणार आता, असं वाटलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. शांतवनची जीप आत आली. प्रत्येक प्रवाशाच्या मांडीवर पाण्याची कॅन! सगळ्यात आधी सोजराबाई उतरल्या. "धर गं पोरी! सेनगावपासून भिजून राहिले मी!"

मी डोळे पुसत त्याला विचारलं, "एवढी तकलीफ काहून घेता?"

"झाड जगलं न्हाई तर पाप फिटत न्हाई," तो म्हणाला आणि वाकून चिंचेला पाणी घालू लागला. त्याची घामानं भिजलेली पाठ बघताना मला कळून चुकलं, की मला हा आवडतो. पापांसकट आवडतो. मग तो रोज येत राहिला, भरलेल्या कॅन घेऊन.

पेंटेकोस्टला मिस्साची प्रार्थना संपली आणि सगळी मंडळी मागच्या जागेत आली. मुरमात झाडं उभी होती, हिरवीगार, काही माझ्या खांद्याला लागलेली! मी ओरडलेच आनंदानं. अण्णा एकेक फांदी हलवून बघत फिरले आणि शांतवनच्या रांगेपाशी थांबले.

"हरलो बाबा," ते म्हणाले. "जागा झाडांची. पण पोरा, येवढी कोणती पापं केलीस तू?"

शांतवनच्या तोंडचं पाणी पळालं. "एकच केलं, अण्णा. पहिलं झाड तेवढं प्रायश्चित्ताचं. बाकी समदी... करुणाच्या हातून घ्यायला येत व्हतो. तिच्याशी खोटं बोललो. काल तेच फादरला सांगितलं. ते म्हणले, आता झाड नको. जिच्याशी खोटं बोललास तिला खरं सांग."

फादर लिंबाचा शेंडा निरखण्यात अगदी गुंग झाले होते.

शांतवन माझ्याकडे वळला. "करुणा, मला तू आवडतेस... पहिल्या झाडापासून."

माझे कान तापले, ओठ काही केल्या हसायचे थांबेनात. सोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. अण्णा मात्र हॉलचं दुःख अजून उगाळतच होते.

"म्हंजे पंगत इथंच बसवायची म्हणा," ते पुटपुटले. "पण ह्या झाडांची सावली पडायला अजून तीन-चार वर्षं तरी—"

"मंडप टाकू की, अण्णा!" मी म्हणाले.