उरलेली अर्धी काच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नंतर मध्ये बोलायचं नाही. ही हकिकत माझ्या दोस्ताची, भिंगोबाची. इस्पितळात रक्त तपासायचा. सगळा जन्म भिंगाला डोळा लावून गेला, म्हणून हे नाव.

अठरा डिसेंबर, रात्रीचे सव्वादोन. बाळंतिणींच्या वॉर्डातून रक्ताची नळी घेऊन तो निघाला. एक बाई जिन्यावरून घसरली होती आणि त्यातच बाळंत झाली होती. आईचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळाचं रक्त आईच्या अंगात शिरलं, तर आईचं रक्त त्याच्याशी वैर धरतं. या बाळाला काही होत नाही, पण पुढच्याच्या जिवावर बेततं. म्हणून तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन देतात. ते दिलं होतं. पण रक्त जास्त शिरलं असेल तर एक पुरत नाही, आणि किती शिरलं ते भिंगोबानं मोजायचं. नळी पाठवायचीच राहून गेली होती. पहाटे पाचला तीन दिवस भरत होते.

त्यानं काचेवर थेंब पसरला, रंग चढवला. या रंगात बाळाच्या पेशी गुलाबी दिसतात. आईच्या फिक्या पडतात, नुसती कडा उरते. तिथले लोक त्यांना भुतंच म्हणायचे.

मोजायच्या दोन हजार. भिंगोबाची जुनी खोड अशी, की अर्धी काच बघायची, हजार मोजायच्या आणि उत्तर दुप्पट करायचं. रक्त काचेवर सगळीकडे सारखं पसरतंच असं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण वीस वर्षांत कुणी पकडलं नव्हतं. हजारात गुलाबी अगदी मोजक्या निघाल्या. ‘एक इंजेक्शन पुरेसं’ असं लिहायला त्यानं पेन उचललं.

“सगळ्या मोजल्यात का, दादा?”

खिडकीशी बाई उभी. अंगात वॉर्डातला झगा.

“झाल्या हो, ताई. जाऊन झोपा बरं.”

“माझ्या वेळीही झाल्याच होत्या...”

त्यानं पेन खाली ठेवलं.

“पुढची दोन्ही पोटातच गेली.”

त्यानं मान वर केली. चेहऱ्याला रंग नव्हता. नुसती कडा...

मग तीही नव्हती.

भिंगोबाला स्वतःची लाज वाटली, भीतीपेक्षाही जास्त. त्यानं पुन्हा डोळा लावला. काचेची दुसरी बाजू. गुलाबी. गुलाबी. गुलाबी...

तो धावत सुटला. चार चाळीसला आणखी दोन इंजेक्शनं दिली गेली. जिन्यावरून घसरलेल्या त्या बाईला पुढच्या खेपेला धडधाकट मुलगी झाली, तेवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

तो परत आला. भिंगाखाली त्याची काच नव्हती. दुसरीच होती. कडेला पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षर त्याचंच. तसल्या काचा कधीच फेकून दिल्या होत्या.

“मग त्यानं ती बघितली का, काका?”

नाही रे. छाती झाली नाही. नुसतं बोट लावलं.

रंग अजून ओला होता.