दोरीच्या त्या टोकाला

खोटंच सांगायचं असतं, तर मी ही गोष्ट भर दुपारी घडलेली सांगितली नसती.

शनिवार, १९ ऑक्टोबर १९९१. दुपारचे पावणेतीन. स्कॉटलंडच्या उत्तरेकडची एक ओसाड घळ.

माझी मंजिरीमावशी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत वाढलेली. शाळेत सायन्स शिकवायची. भुताखेतांच्या गोष्टींना हसायची. तिच्या नवऱ्याला, विनयकाकांना, मात्र गुहा धुंडाळायचा नाद. त्या घळीतल्या एका गुहेत म्हणे अस्वलाची हाडं सापडली होती. फार जुनी. ब्रिटनमधली रानटी अस्वलं संपून हजार वर्षं तरी झाली. माणसांनी जंगलं तोडली, शिकारी केल्या... आणि एकही उरलं नाही.

वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटला. त्याचा कुत्रा ओढ्यापाशी थांबला. काही केल्या पुढे पाऊल टाकेना.

"मेंढ्यासुद्धा पलीकडे जात नाहीत," म्हातारा म्हणाला. "गवत चांगलं आहे, तरी."

काका हसले. गुहेच्या तोंडाशी त्यांनी कमरेला दोरी बांधली.

"एक झटका म्हणजे ओके. तीन झटके म्हणजे मला बाहेर ओढ. पॅनिक नको करू."

"अर्ध्या तासात ये, विनय. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ते सरपटत आत गेले. टॉर्चचा उजेड वळणाआड गेला.

एक झटका. ओके.

थोड्या वेळाने आणखी एक.

मग... काहीच नाही.

चाळीस मिनिटं झाली. मावशीच्या लक्षात आलं, वारा पडलाय. मघाशी ओरडणारे कावळे गप्प झालेत. ओढ्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"विनय?"

आतून श्वास ऐकू आला. संथ. जड.

आणि दोरीला झटका बसला.

एक... दोन... तीन.

मावशीने कपारीला पाय रोवले आणि जिवाच्या आकांताने दोरी ओढू लागली. दोरी जड होती. फार जड. काका बेशुद्ध पडले असतील, या विचाराने ती रडत होती, पण ओढत होती. हात सोलवटले. वजन इंचाइंचाने बाहेर सरकत होतं.

"येतोयस ना? बोल ना रे काहीतरी!"

फक्त श्वास. आता अगदी वळणापाशी. आणि ओल्या केसांचा उग्र वास...

"मंजिरी! कोणाशी बोलतेयस?"

आवाज मागून आला.

तिने वळून पाहिलं. वरच्या उतारावरून विनयकाका चिखलाने माखून खाली येत होते.

"पॅसेज फारच अरुंद होता. दोरी अडकायला लागली, म्हणून सोडून ठेवली. पलीकडे वर यायला एक भोक सापडलं..."

ते बोलता बोलता थांबले. मावशीच्या हातातली दोरी ताणलेली होती. थरथरत होती.

"मग हे कोण आहे?" मावशी कशीबशी म्हणाली.

दोरी एकदम सैल पडली.

आत दगड घरंगळले. काहीतरी मोठं, सावकाश, मागे मागे गेलं.

दोघं पळत सुटली. सामान तिथेच राहिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये काका हळूच म्हणाले, "आत एक खळगा होता गं. गोल. अस्वलं थंडीत झोपायला करतात तसा. मी त्यात उजवा हात ठेवला..."

"मग?"

"गरम होता. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखा."

त्यानंतर काका कुठल्याच गुहेत गेले नाहीत. मावशी कारण विचारणाऱ्यांना काहीबाही सांगते.

गेल्या दिवाळीला मी त्यांच्या पाया पडलो. काकांनी नेहमीसारखा पाठीवर उजवा हात ठेवला.

जाड स्वेटरमधूनही तो भाजल्यासारखा गरम लागला...

आता मी त्यांना लांबूनच नमस्कार करतो.