सतरा क्रमांकाची खोली

ग्रुपवर सगळे तिला हेडमास्तरीण म्हणत आणि तिला ते आवडायचं. एकतीस वर्षं परीक्षा विभागात गुणपडताळणी केलेली बाई. वशिला तिला बसल्या जागी कळायचा. 'आमची खोली' या ऑनलाइन फोटो-स्पर्धेचे नियमही तिनंच घातले होते. फोटोवर नाव नाही, फक्त क्रमांक. मत देताना एका ओळीत कारण लिहायचं, नुसतं "मस्त!" लिहिलं की मत बाद. आणि व्यवस्थापकानं स्वतः भाग घ्यायचा नाही.

यंदा सोळा फोटो आले. त्यातला नववा तिच्या धाकट्या भावाचा. तो सुतार, वेगळा राहायचा. दोन वर्षांपूर्वी यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. त्या खोलीतलं कपाट, खिडकीतला बाक, सगळं त्यानं डाव्या हातानं केलं होतं. आपण संपलो नाही, एवढंच त्याला चारचौघांत दाखवायचं होतं.

"ताई, तू मला मत देऊ नकोस हं. लोकांना बोलायला जागा नको."

"देणारही नव्हते," ती म्हणाली, आणि मनातून तिला त्याचा फार अभिमान वाटला.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवण उरकून, दाराला कडी घालून ती मतं मोजायला बसली. घरात ती एकटीच. नऊ क्रमांकाला चाळीस मतं पडली होती. सतराला एकेचाळीस.

सतरावा फोटो नव्हताच. सोळाव्याखाली नुसता करडा, रिकामा चौकोन होता.

कुणाचा तरी चावटपणा! तिनं चष्मा पुसला आणि कारणं उघडली. टोळक्यानं मतं टाकली की सगळ्यांची भाषा एकसारखी येते, हे तिला पाठ होतं. इथे एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. माणसंही जुनी, खात्रीची होती.

"उन्हाची तिरीप बरोबर टेबलावर येते. सुरेख."

"हिरव्या खुर्चीचं कापड उसवलंय, तरी टाकवत नाही असं दिसतं. आवडलं."

"कान तुटलेल्या कपात पेन्सिली! आईची आठवण झाली."

तिनं हातातली पेन्सिल कपात ठेवली. त्या कपाचा कान कधीच तुटला होता.

ग्रुपवरच्या नर्सबाईंना तिनं फोन लावला. "तुम्हाला सतरावा फोटो दिसतो?"

"म्हणजे काय! मीही त्यालाच मत दिलं. टेबलाशी पाठमोऱ्या बसल्यात त्या कोण हो? अगदी तुमच्यासारखा अंबाडा."

तिनं फोन ठेवला. पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतली ती नव्हती. नियम हाताशी होता. भावासाठी केलं असं लोक म्हणतील, म्हणोत. तिनं ग्रुपवर ठणकावून लिहिलं : "सतरावी खोली माझी आहे. व्यवस्थापकाला भाग घेता येत नाही. प्रवेशिका बाद. नऊ क्रमांक विजयी."

नर्सबाईंचं उत्तर लगेच आलं.

"खोली तुमची असेल, पण प्रवेशिका तुमची कुठे? ती तुमच्या मागे उभ्या असलेल्या बाईंची आहे. त्यांना का बाद करता?"

तिनं मान वळवली नाही.

दाराची कडी तिनं स्वतः घातली होती. ऊन टेबलावरून सरकलं होतं. तिनं नियम पुन्हा वाचले, पहिल्यापासून. कुठेच खोट सापडेना.

फोन वाजला. भाऊ.

"ताई, माझं मत राहिलं होतं. आत्ता दिलं. सतराला."

"अरे, तू हरशील!"

"हरू दे. खरं ते खरं."

 सवयीनं तिनं विचारलं, "कारण काय लिहिलंस?"

"हेच, की त्या बिचाऱ्या कधीच्या उभ्या आहेत. ताईनं एकदा तरी वळून बघायला हवं होतं."