मधल्या खोलीची फरशी

दारव्ह्याला आमच्या घरामागे ओळीनं भाड्याच्या तीन खोल्या होत्या. वर कवेलू, मातीच्या भिंती, खाली शेणानं सारवलेली जमीन. १९६२च्या उन्हाळ्यात त्या रिकाम्या झाल्या. यजमान गेल्यापासून मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते आणि घरादाराचं सगळं एकटीनं पाहत होते. कोणावर चटकन विश्वास टाकणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात पुसदहून बदलून आलेली नर्स, पंचफुलाताई, खोल्या पाहायला आली. तिला जागा पसंत पडली.

"फक्त फरशी टाकून द्यान का?" ती म्हणाली. "माह्या मायचे गुडघे धरले. तिच्यानं सारवनं होत नाही, अन् मले ड्युटी."

"पाहते," मी म्हटलं. एवढा खर्च करायचा आणि सहा महिन्यांत हिची पुन्हा बदली झाली तर?

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला कुलूप उघडलं, तर मधल्या खोलीत ताज्या शेणाचा वास. जमीन ओली होती. कोणीतरी नुकतीच सारवली होती, एकसारखी, बोटांचे फेर उमटवत.

आधीचे भाडेकरू बबनराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच राहिली असणार, असं माझ्या मनात आलं. मी तशीच त्यांच्या नव्या घरी गेले. त्यांची बायको वच्छलाबाई ओसरीवर तूर पाखडत होती.

"किल्ली? नाही बा. काहून?"

मी सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"आमाले वाटे, तुमीच सारवता. आमी बजारातून आलो का जमीन ओली राहे. मनलं, असन तुमची हौस."

"मग घर का सोडलंत?"

तिनं आत वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एक दिवस आमी घरीच होतो."

मी पुढे विचारलं, तर सूप उचलून ती आत गेली.

माझा काही विश्वास बसला नाही. बाई नवऱ्याचं काहीतरी झाकतेय, असंच वाटलं. मी नवं कुलूप आणलं आणि किल्ली पदराला बांधली. जमीन वाळली, तिला बारीक भेगा पडल्या. मला बरं वाटलं. मग एका दुपारी शाळेतून येऊन पाहिलं, तर जमीन पुन्हा ओली. कुलूप जसंच्या तसं. खिडकीला आतून कडी. वर एकही कवेलू सरकलेलं नव्हतं. सारवणारीच्या हातून शेणाचे शिंतोडे पडतातच. इथे उंबऱ्यावर एकही नव्हता.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, फरशी टाकायची. पंचफुलाताईसाठी टाकतेय, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला एवढंच वाटत होतं, की दगडावर कोण सारवणार?

बळीराम मिस्त्रीनं काळी शहाबादी फरशी बसवली. संशय त्याच्यावरही होताच, म्हणून मी शिवणयंत्र दारात घेऊन बसले. काम झाल्यावर फरशी स्वतः धुऊन पुसली, कुलूप लावलं.

पंचफुलाताई बाजाराच्या दिवशी सकाळी आली. बैलगाडीत ट्रंक, भांडी आणि तिची म्हातारी आई. ऊन चांगलं वर आलं होतं. मी कुलूप काढलं.

वास आधी आला.

सगळी फरशी सारवलेली होती. ओली, हिरवट, चकचकीत.

"मी तं फरशी मनलं होतं, ताई," पंचफुला म्हणाली.

मी हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

म्हातारी काठी टेकत उंबऱ्याशी आली आणि वाकून बोटांचे फेर पाहू लागली. जन्मभर सारवत आलेली बाई.

"असं कसं सारवलं?" ती पुटपुटली. "आपन आतून दाराकडं येतो. हे तं दारातून आत गेली."

मी फेरांमागून नजर नेली. ते मागे मागे सरकत खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले होते. तिथे दार नव्हतं, खिडकीही नव्हती. कोपऱ्यात तेवढी फरशी कोरडी होती. एक बाई उकिडवी बसेल, एवढीच.

पंचफुलानं माझा दंड घट्ट धरला.

म्हातारीनं त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग कडी धरून तिनं दार हलकेच ओढून घेतलं.

"वाळू द्या," ती म्हणाली. "ओल्यावरून ते येईन कशी?"