दरी गिळणारी लेन्स

गरुडाच्या पिल्लाची पहिली झेप कॅमेऱ्यात पकडायची आणि ती माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या बोटाने पकडायची, एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या डोंगरात शिरलो. सासऱ्यांनी उभी हयात रानातल्या प्राण्यापक्ष्यांचे फोटो काढण्यात घालवली आहे. या गरुडांच्या जोडीच्या तर ते कित्येक वर्षं मागावर होते. घरटं बांधताना, शिकार आणताना, पिल्लाला भरवताना, सगळं त्यांच्यापाशी होतं. नव्हती ती फक्त झेप. दर वर्षी सासऱ्यांनी चहा ओतायला पाठ फिरवली की पिल्लू उडून जायचं! त्यात आता डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला होता. पुढच्या मोसमात कॅमेऱ्यातून काही दिसेल, असं म्हणायला डॉक्टर तयार नव्हते. ‘थोडं धूसर दिसतं, बाकी काही नाही,’ असं सासरे सांगत आणि आम्ही ते खरं मानून चाललो होतो.

फोटो मीही काढते, पण विमानांचे. हवाई कसरती असल्या की धावपट्टीच्या कडेच्या गवतात मोठी लेन्स घेऊन उभी राहणाऱ्या वेड्यांपैकी मी एक. सासऱ्यांना या धंद्याची भारी गंमत वाटते. तुझी पाखरं वेळापत्रकानं येतात आणि पंखावर नाव लिहून येतात, असं ते चारचौघांत सांगतात. तुमचं पाखरू निदान आवाजाच्या वेगानं तरी पळत नाही, असं मी ऐकवते. आमच्या घरात जेवणं अशीच होतात.

मोहीम ठरली ती दुरुस्तीकाकांच्या दुकानात. हे सासऱ्यांचे शाळेपासूनचे मित्र. लेन्स उघडून साफ करणं आणि नीट करणं हा त्यांचा व्यवसाय. दुकान म्हणजे जिन्याखालची अरुंद खोली. टेबलावर रबराची चटई, बाटल्यांच्या झाकणांत तिळाएवढे स्क्रू, वर एक वाकवता येणारा दिवा. तिथे शिंक आली तर बाहेर जाऊन द्यावी लागते. भिंतीवर सासऱ्यांनीच त्यांच्या नेहमीच्या जागेवरून, समोरच्या डोंगरावरून काढलेला घरट्याचा मोठा फोटो होता. कड्याच्या खोबणीत घरटं आणि त्याला लागूनच ओट्यासारखा सपाट खडक. सासऱ्यांनी त्या खडकावर बोट ठेवलं. पक्ष्यांच्या नजरेआड बसायला इथे लपण बांधायचं, म्हणाले. मी मान डोलावली, काकांनीही डोलावली. मग काकांनी आपणही येणार असल्याचं जाहीर केलं. सहाशे मिलिमीटरची ती लेन्स, जिला आम्ही घरी तोफ म्हणतो, आपल्या हातची आहे आणि तिला एका म्हाताऱ्याच्या आणि एका विमानवेडीच्या भरवशावर सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

चढ सुरू झाला तेव्हा हवा छान होती. उंच सरळसोट झाडांचं दाट जंगल, पायाखाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा मऊ थर, आणि वर कुठेतरी सुतारपक्ष्याची ठकठक. सासरे प्रत्येक आवाजाला नाव देत चालले होते. पण दुपारी गारा आल्या. पाठोपाठ ओढा फुगला. बर्फगार पाणी मांड्यांपर्यंत! तोफ आम्ही तान्ह्या बाळासारखी हातोहाती पलीकडे नेली. काकांचा एक बूट प्रवाहात गेला तरी त्यांनी आधी तोफेची पिशवी कोरडी आहे का ते पाहिलं, मग बुटाला शिव्या घातल्या. पिशवीतल्या चपलेवर दोरी गुंडाळून ते पुढे चालू लागले. मुक्काम एका कपारीत झाला आणि थंडीने कुणालाच धड झोप लागली नाही.

सकाळी आम्ही त्या सपाट खडकावर पोचलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो.

समोर दरी होती. खोल, रुंद, तळाशी धुकं भरलेली दरी! घरटं होतं, पण पार पलीकडच्या कड्यावर. फोटोत जो ओटा घरट्याला चिकटलेला दिसत होता, त्याच्या आणि घरट्याच्या मध्ये अख्खं गाव मावलं असतं. लांब पल्ल्याची लेन्स दूरच्या वस्तू जवळ ओढते आणि त्यांच्यामधलं अंतर दाबून टाकते. एकामागोमाग मैलभर अंतराने जाणारी दोन विमानं मी याच युक्तीने आयुष्यभर एकमेकांना चिकटवत आले आहे. सासरे हे शिबिरांतून शिकवतात. काकांचं पोट त्यावर चालतं. आणि आम्ही तिघांनी मान डोलावून त्या फोटोवरून वाट आखली होती! मला संताप आला. काकांना हसू आवरेना. सासऱ्यांनी मात्र कॅमेऱ्याचं तिकाटणं पाठीवरून उतरवलं आणि ते खाली बसले, आणि तेच मला जास्त लागलं.

दुर्बिणीतून मी पाहिलं. पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख फडफडवत होतं. आज नाहीतर उद्या, नक्की. पण ऊन चढू लागलं होतं आणि तापलेल्या हवेत सगळं चित्र पाण्यासारखं हलत होतं. इतक्या लांबून फोटो म्हणजे नुसता रंगाचा डाग आला असता. आमच्या खडकापासून एक निरुंद पट्टी कड्याच्या पोटातून पुढे जाऊन दरीत घुसलेल्या एका उंचवट्यावर पोचत होती. काका म्हणाले की आपण परत फिरू या. सासरे म्हणाले की त्या उंचवट्यापर्यंत जाऊ, आणि तिथून पुढे एक पाऊलही नाही, कारण आणखी जवळ गेलं तर मादी घरट्याकडे यायची थांबेल. मी दोर काढला.

पुढे मी, मध्ये तिकाटणं पाठीवर घेतलेले सासरे, मागे तोफ घेऊन काका. तिघांच्या कमरेला एकच दोर. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला काही नाही. पट्टीला एका ठिकाणी हातभर रुंदीची फट पडली होती. मी ती ओलांडली, वळले आणि सांगितलं, “बाबा, समोर फट आहे, लांब पाऊल टाका.” त्यांनी मान हलवली. सरळ पुढे पाहिलं. आणि पाय नेमका फटीतच टाकला!

ते गेले! दोर ताडकन ताणला गेला. मी खडकावर छातीवर आपटले. हाताला जे लागलं ते धरलं. त्यांच्या पिशवीचा पट्टा! मागे काका पट्टीवर पालथे पडून दोर आवळून धरून होते. कुणीतरी ओरडत होतं. ती मीच होते. तिकाटणं सुटलं. एकदा खणकलं. दोनदा खणकलं. मग बराच वेळ काहीच नाही. “ओढ,” काका म्हणाले. मी ओढलं. सासऱ्यांचं कोपर वर आलं, मग गुडघा, मग ते अख्खेच माझ्या अंगावर आले.

उंचवट्यावर पोचल्यावर मी त्यांच्या खरचटलेल्या पोटरीला पट्टी बांधली. फट एवढी समोर होती, आणि धूसर दिसणाऱ्या माणसालाही ती दिसली असती.

“बाबा, खरं सांगा. किती दिसतं?”

“मधलं काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. आता तू बोलतेयस, तर तुझा चेहरा नाही दिसत. कानातलं दिसतं.”

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. काकांकडे वळले, तर ते बुटाऐवजी चढवलेल्या चपलेची दोरी सोडत बसले होते. त्यांना ठाऊक होतं. हिवाळ्यात सासरे तोफ घेऊन दुकानात आले होते, मधोमध बुरशी धरली आहे म्हणत. काकांनी ती उघडली, तर आत एक डागही नव्हता. तेव्हापासून ते गप्प होते, आणि डोंगरात आले होते ते तोफेसाठी नव्हतेच.

“काढायचाच फोटो,” सासरे म्हणाले. “नाही आला तर नाही आला. पण बोट माझं.”

पण कसा? सासऱ्यांची रीत म्हणजे तिकाटण्यावर लेन्स टेकवून, एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्याला लावून तासन्‌तास बसणं. तिकाटणं दरीत होतं. कॅमेऱ्याला लावायच्या डोळ्यात मधोमध अंधार होता. तेव्हा मी म्हटलं की विमानासारखं करू या. आम्ही वेगाच्या मागे लागताना दोन्ही डोळे उघडे ठेवतो, लेन्सच्या नळीच्या पाठीवरून नेम धरतो आणि कमरेतून वळतो. आत डोकवायला वेळच नसतो. हालचाल डोळ्याच्या कडेला आधी कळते, आणि कडा तर सासऱ्यांच्या शाबूत होत्या.

“म्हणजे आता पाखराचं विमान करायचं,” सासरे म्हणाले, पण उठून उभे राहिले.

तोफ ठेवायला काकांचा खांदा घेतला. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांना श्वास सावकाश घ्यायची ताकीद मिळाली. फोकस मी दरीच्या मध्यावर अंदाजाने बांधून ठेवला. जवळून जाणाऱ्या पाकोळ्यांवर सासऱ्यांनी सराव केला. पहिल्यांदा फारच मागे पडले, मग कमी मागे पडले. आपल्या कानाशी एवढी मोठी तोफ कधी फिरली नव्हती, अशी काकांची तक्रार चालू होती.

दुपार कलली. तळातलं धुकं वर चढायला लागलं. ते घरट्यापर्यंत पोचलं की सगळं संपलं असतं. माझा स्वतःचा कॅमेरा पिशवीत होता, त्याला तोफेहून छोटी पण लांब पल्ल्याची लेन्सही होती, आणि मी काढला तर फोटो नक्की मिळेल हे मला कळत होतं. हात दोनदा बंदापर्यंत गेला. पण मी मागे सरकून सासऱ्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

पलीकडच्या सुळक्यावर मादी बसली. पायात शिकार होती, पण ती घरट्याकडे आणेना. नुसती हाका मारत राहिली. पिल्लू काठावर आलं. मागे गेलं. पुन्हा आलं.

उडी!

नाही, पडलं! दगडासारखं खाली! मग एक पंख उघडला. दुसरा उघडला. वाऱ्याने त्याला झेललं आणि ते वेडंवाकडं हेलकावत सरळ आमच्या दिशेने आलं! “उजवीकडे, बाबा, वळा,” मी त्यांना कमरेतून वळवत म्हटलं. “दिसतंय,” ते म्हणाले. काकांनी श्वास रोखला. कॅमेरा खडखडत सुटला. पिल्लू आमच्या खालून गेलं, पंखांचा सूं आवाज स्पष्ट आला, आणि धुक्याने दरी बंद केली.

परतीची पट्टी आम्ही धुक्यात रांगत पार केली. फटीपाशी मी सासऱ्यांचा पाय हाताने उचलून पलीकडे ठेवला आणि त्यांनी तो ठेवू दिला.

दुकानात काकांनी फोटो मोठ्या पडद्यावर लावले. खडक. आभाळ. पुन्हा खडक. नुसतं धुकं. मी सासऱ्यांकडे बघायचं टाळत होते. मग एक फोटो आला. अख्खी चौकट करड्या धुक्याने भरलेली, आणि अगदी उजव्या काठाला पिल्लू. पंख पुरते पसरलेले, पिसन्‌पीस स्पष्ट, एका पंखाचं टोक चौकटीबाहेर कापलेलं. आमच्या विमानवाल्यांत असा फोटो कुणाला दाखवत नाहीत. काकांनी बाजूचं धुकं कापून पिल्लू मधोमध आणायला घेतलं.

सासरे खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. जन्मभराच्या सवयीने त्यांनी चौकटीच्या बरोब्बर मध्यावर नजर लावली, जिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी हात पुढे करून काकांचं मनगट धरलं.

“कापू नकोस रे. मध्ये आणलंस तर मला दिसणार नाही.”